खिमराजचं नातं

ईट, ता. भूम
४ नोव्हेंबर

चि. शंभुलिंगास,
गंगाक्काचे अ. आ. वि. वि.

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आपल्या खव्याच्या भट्टीवरचा नेपाळी खिमराज तुला माहीत आहे. तुझे दाजी गेल्यापासून कढई तोच सांभाळतो. सकाळी माझ्या हातून अजून दोन कप चहा होतो, दुसरा त्याला देते. परवा कोतवाल सांगून गेला, बाहेरच्या कामगारांनी आपले कागद चौकीत दाखवायचे. तेव्हापासून खिमराज गावी परत जातो म्हणतोय. तो गेला तर भट्टी विझली. पाच लिटर दूध आटवायचं तरी माझा खांदा भरून येतो.

म्हणून मी रेशनकार्डात त्याचं नाव घालायचा अर्ज दिलाय. तो दाजींचा भाचा आहे, असं प्रतिज्ञापत्रही जोडलं. तू तहसिलात तीस वर्षं काढलीस, तेवढं लवकर होईल असं बघ.

सुनबाईस आशीर्वाद. माया असू दे.
गंगाक्का

*

माकणी
९ नोव्हेंबर

ती. गंगाक्कांस,
शंभुलिंगाचे शरणार्थ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलो. दाजींना बहीणच नव्हती हे सगळ्या ईटला ठाऊक आहे, मग भाचा कुठून काढलात? नंतर मात्र हसू गेलं. परदेशी माणसाला कामावर ठेवायला परवाना लागतो, असं मी ऐकून आहे. चौकशीला माणूस आला तर केस तुमच्यावर होईल. खिमराजला गाडीत बसवून द्या. भट्टीचं नंतर बघू.

रागावू नये, लोभ ठेवावा.
शंभुलिंग

*

ईट
१६ नोव्हेंबर

चि. शंभुलिंगास, अ. आ.

तू ऐकून आहेस म्हणालास, तेव्हा मी वाचायचं ठरवलं. भूमच्या वाचनालयात गोरोबा ग्रंथपालांनी भारत-नेपाळचा १९५०चा करार शोधून दिला. तीनदा वाचला. त्यांच्या माणसानं इथं आणि आपल्या माणसानं तिथं राहावं, फिरावं, धंदा करावा, असं त्यात आहे. ग्रंथपाल म्हणाले, नेपाळ्याला इथं कामाला परवाना लागत नाही. मत देता येत नाही, तेवढं खरं.

मला नवल वाटलं. सासरे सांगायचे, निजामाच्या काळात इंग्रजांच्या हद्दीतल्या बार्शीला खवा न्यायचा तर नाक्यावर करोडगिरी, म्हणजे जकात, भरावी लागे. बार्शी इथून केवढीशी, आणि हा नेपाळातल्या अछामहून, हिमालयाच्या पायथ्यापासून आला तर त्याला कुणी अडवलं नाही. हद्द कुणी आखली आणि कुणासाठी उघडी ठेवली, हे आधी का नाही वाचलं मी?

पण यातच माझी चूक कळली. त्याला जी मुभा आहे ती तो नेपाळचा आहे म्हणून. मी त्याला इथला भाचा ठरवलं तर तो खोटा भारतीय होईल, आणि असलेला हक्कही जाईल. सोमवारी अर्ज मागे घेते. भीती वाटते, पण जाते.

तुझं प्रेम असंच राहो.
गंगाक्का

*

माकणी
२० नोव्हेंबर

ती. अक्कांस, सा. न.

लोहाऱ्याच्या वकिलांना विचारलं. कराराचं तुमचं बरोबर, मीच ऐकीव बोललो. पण खोटं लिहिलं होतं असं स्वतःच्या सहीनं लिहून देऊ नका, अंगाशी येईल. अर्ज तसाच पडू द्या. कृपा असावी.
शंभुलिंग

*

ईट
२६ नोव्हेंबर

चि. शंभुलिंगास, अ. आ.

तुझं पत्र पोचलं तेव्हा मी जाऊन आले होते. तहसिलातल्या बाईंनी कारण लिहा म्हणून कागद पुढं केला. खिमराज दाजींचा भाचा नाही, मी खोटं लिहिलं होतं, असं लिहून सही केली. साहेब लई बोलले, मी ऐकून घेतलं. अर्ज मंजूर झाला नव्हता, म्हणून ताकीद देऊन रद्द केला.

तिथून चौकीत गेलो. खिमराजनं आपलं नेपाळचं नागरिकता प्रमाणपत्र दाखवलं. हवालदारांना देवनागरी बघून बरं वाटलं. वहीत देश नेपाळ, काम खवा भट्टी असं लिहून त्यांनी विचारलं, बाईंशी नातं काय. खिमराज माझ्याकडं बघत होता. मी म्हटलं, काही नाही. तेवढ्यावर काम झालं. तो इथंच राहतोय.

मधल्या दिवसांत, चौकशीला कुणी आलं तर चुकू नये म्हणून, मी त्याला मामी म्हणायला लावलं होतं. आज सकाळी कढई चढवायला आला आणि त्यानं मालकीण अशी हाक मारली. मी ओ दिली नाही.

संक्रांतीला येऊन जा, मन लागून राहतं.
तुझी,
गंगाक्का