भुताच्या पदराची पिन

आर्वी, शनिवार, १२ मे १९८४

भुताच्या पदराला सेफ्टी पिन होती. आज दुपारच्या खेळाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. लग्नानंतर सासूबाईंसोबत हाच सिनेमा तंबूत पाहिला, तेव्हा मी डोळे गच्च मिटून बसले होते. नाहीतर तेव्हाच दिसली असती.

पांढरी साडी, मोकळे केस. त्या सिनेमापासून आमच्या गल्लीत दिवेलागणीनंतर एकही बाई केस मोकळे सोडत नाही. मीसुद्धा इतकी वर्षं मुकाट्याने ओल्या केसांचा अंबाडा घालत आले. काऊन? पडद्यावरच्या एका बाईसाठी, जिला स्वतःचाच पदर सुटायची धास्ती होती?

आज संध्याकाळी न्हाले आणि केस मोकळे सोडून अंगणात बाजेवर बसले. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "केस बांध वो. सिनेमातली ते बाई विसरली काय?"

"तिच्या पदराले पिन होती, मामीजी. तुमच्या बांगडीले अडकवली हाये ना, तशीच."

त्यांनी बांगडी चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "भुताले कायले लागते पिन?"

तेच तर. केस काही मी बांधले नाहीत.