माळावर साबुकंद

१४ जून
लावण झाली. हे सकाळपासून माळावर उभे, डोक्याला पंचा, हातात साबुकंदाची कांडी. "डोळा वर, बायांनो, डोळा वर!" बाया हसून बेजार. आमचा वाटेकरी नामदेव, त्याची बायको मला म्हणते, "अक्का, बी न्हाय, काय न्हाय. सरपान रोवायला लागलोय की आमी!" तिचं काय चुकलं? तशाच दिसतात.

ह्यांची हौस जुनीच. सगळी नोकरी सोलापुरात सायझिंग खात्यात गेली, ताण्याच्या सुताला खळ लावण्यात. खळीचं पीठ साबुकंदाचं, पोती दक्षिणेतून यायची. कारखाना बंद झाला, पण डोक्यातली पोती काही उतरली नाहीत. "दुसऱ्यानं पिकवलेलं पीठ आयुष्यभर शिजवलं. एकदा आपलं पिकवू." खालच्या काळ्या रानातल्या ज्वारीला हात लावायचा नाही, एवढं मात्र बजावून ठेवलंय.

एक बोलले नाही. हे पीक दहा-अकरा महिने उभं राहतं म्हणे. मग दर वैशाखात येणाऱ्या मायाक्का धनगरणीची मेंढरं कुठं बसणार?

१५ जून
विचारलं शेवटी. हे म्हणाले, "तोवर निघतंय गं." निघेल म्हणा.

२ ऑगस्ट
सोलापुरात आमच्या शुक्रवार पेठेत सगळ्यांना कळलंय. पाणी भरताना एकीनं विचारलं, साबुदाणा शेंगेत असतो की कणसात? मी म्हटलं, खिचडीतच उगवतो, वर दाण्याचं कूट घालून. मग वाईट वाटलं. मला तरी मागच्या वर्षापर्यंत कुठं ठाऊक होतं? आजवर किती एकादश्या केल्या, पण तो जमिनीखालच्या मुळीचा असतो हे ह्यांनी सांगेपर्यंत कधी मनातही आलं नाही.

नवी पेठेतल्या दुकानाचे ब्लाऊज उद्या द्यायचेत. काजं राहिलीत. माळावर जायला या आठवड्यात जमत नाही.

२१ सप्टेंबर
माळावर जाताना आज मंगळवेढ्याच्या एसटीत खिडकीची जागा. रस्त्याकडेला मेंढरं दिसली, कोणाची कोण जाणे. पण सगळं एकदम वर आलं.

मी नऊ-दहा वर्षांची. ज्वारी निघून माळ मोकळा झाला की माझे वडील, आप्पा, रोज संध्याकाळी मेंढरांची वाट बघत बांधावर जाऊन उभे राहायचे. मायाक्काच्या बापाला ते पावणं म्हणत. मेंढरं माळावर बसायची, लेंडीखत पडायचं, आणि आप्पा त्यांना धान्य द्यायचे. पण आधी मानाची पेंढी! त्याच रानातल्या कडब्याची पहिली पेंढी मालकानं स्वतःच्या हातानं कळपापुढं टाकायची. ती मेंढरांनी खाल्ली की मग बिऱ्हाड उतरायचं. तोवर घोड्यावरचं गाठोडंसुद्धा सोडायचे नाहीत.

मी आणि मायाक्का गाठोडं सुटायची वाट बघत दोन टोकांना उभ्या. सुटलं की पळत सुटायचो. तिनं मला लोकर पिंजायला शिकवली, मी तिला टाके घालायला. तिचे टाके अजून तिरके. वर्षातून एकदा भेटणारी मैत्रीण, पण शाळेतल्या कुणाचं तोंड आठवत नाही, हिचं आठवतं. लग्न झालं, पोरं झाली, आप्पा गेले, तिचा नवरा गेला. वैशाख चुकला नाही.

१९ जानेवारी
पीक कमरेच्या वर. पानं हाताच्या पंज्यासारखी, वारा आला की सगळं रान हात हलवतं. छान दिसतं, खोटं कशाला बोलू.

भांगलायला आलेल्या बाया चपला बांधावर काढतात. का? तर "उपासाचं पीक हाय, अक्का." मग हेही अनवाणी! काटा मोडला, दोन दिवस लंगडत होते. मी काही बोलले नाही. पुष्कळच काही बोलले नाही.

११ एप्रिल
व्यापारी येऊन गेला. एक झाड उपटलं, कंद मोडून पाहिला. "अजून भरू द्या. घाई केली तर पीठ कमी पडतं." हे लगेच हो म्हणाले. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, महिनाभर तरी.

घरी येताना एसटीत मी खिडकीकडं तोंड करून बसले. शेवटी हे म्हणाले, "ओढ्याकडची पडीक पट्टी आहे की. तिथं बसतील." तिथं दगडाशिवाय काही नाही, आणि मेंढरं दगडावर बसवून खत कुणाला द्यायचं? भांडलेच शेवटी. मागच्या सीटवरच्या बाईनं पोराला हळूच गप्प केलं, आमचं ऐकायला.

२८ एप्रिल
नवी पेठेतून खण आणला, हिरवा, लाल काठाचा. मायाक्काची चोळी शिवली. दरवर्षी माप न घेता शिवते. या वर्षी दंडात जरा सैल ठेवली, आता आमची वयं झाली.

७ मे
आली.

मी आधीच माळावर जाऊन थांबले होते. कळप वळणावर आला, नेहमीसारखा माळाकडं वळला, आणि थांबला. पुढं हिरवंगार. मायाक्का काठीवर हनुवटी टेकवून बघत राहिली. मी पळत गेले तिच्याकडं, या वयात. म्हणाली, "शाले, मी वाट चुकले का काय गं?" हसून म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. "व्हय व्हय, असू दे की. रान तुमचं हाय. आमी ओढ्याला बसतो."

आणि मग हे पुढं झाले. लिहायला हात धजत नाही. उद्या.

८ मे
लिहायला हवं.

ह्यांना काल मनापासून वाईट वाटलं होतं. "मानाची पेंढी तर टाकायलाच हवी. आप्पा टाकायचे, आता मी टाकतो." नामदेव म्हणाला, "खालच्या रानातला कडबा आणू का, मालक?" हे म्हणाले, नको, मान ज्या रानाचा, पेंढी त्याच रानाची. बरोबरच होतं. आप्पांनी हेच केलं असतं. व्यापाऱ्याला दाखवायला कडेची ओळ सकाळीच उपटली होती. तिचे शेंडे, कोवळी पानं, ह्यांनी दोन्ही हातांत कवळा भरून आणले आणि कळपापुढं टाकले. मेंढरं तुटून पडली. मला भरून आलं. वाटलं, सुटलं बाई, सगळं नीट झालं. मायाक्कानं घोड्यावरचं गाठोडं सोडायला घेतलं.

घटकाही गेली नसेल. पुढच्या मेंढ्या माना वर करून धापा टाकायला लागल्या, पाय ताठ, फेस. एक पडली. दुसरी पडली. मायाक्का ओरडली, "कोवळी ज्वारी खाल्ल्यावानी झालंय की गं!" कोवळ्या ज्वारीनं जनावर मरतं हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक. या पाल्यातही तसलंच विष असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ज्वारी निघाली की धाटं जनावरांपुढं टाकायची, पिढ्यान्पिढ्या तेच केलेलं. ह्यांना पीठ माहीत. पान कुठं माहीत होतं?

नामदेव मोटरसायकलवरून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. शिरेत इंजेक्शनं दिली. बाकीची वाचली. दोन गेल्या, त्यातली एक गाभण.

हे जमिनीवर बसले, डोकं हातात. मायाक्काच त्यांच्यापाशी गेली. "तुमी इस्वासानं टाकलं, दादा. त्यांनी इस्वासानं खाल्लं. कुनाला बोलू?" मी नुकसानीचं काही बोलायला गेले तर तिनं हातानंच थांबवलं.

आज सकाळी बिऱ्हाड हललं. एरवी महिनाभर राहतात. चोळी दिली, घेतली तिनं. दरवर्षी जाताना "येते की गं" म्हणते. आज नुसतं "ऱ्हावा मग" म्हणाली. कळप सुटा सुटा चालत होता, माळापासून लांबून, तिनं कडेनं काठी आडवी धरलेली.

१२ मे
ह्यांना भाकरी जात नाही. मला ह्यांचा राग येत नाही आणि तेच अवघड झालंय. राग आला असता तर भांडून मोकळी झाले असते.

२६ मे
काढणी होऊन आठवडा झाला. कंद चांगले भरले, व्यापारी खूश. पाला सगळा पुरला, नामदेवनं वर काटे टाकले.

हे थोडे कंद घरी घेऊन आले, किसून, पाण्यात निवळून, गच्चीवर वाळवून पीठ केलं. डबा घेऊन जुन्या सोबत्याकडं गेले, तो अजून एका सायझिंगमध्ये आहे. मलाही नेलं. त्यानं पातेल्यात खळ शिजवली. ह्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, ताणून तार बघितली. मग सोबत्याकडं बघून नुसती मान डोलवली. कारखाना बंद झाल्यापासून हा चेहरा मी पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या आणि माझ्याही.

पूर्वी असा चेहरा पगाराच्या दिवशी नाही, पहिल्या पावसाळी हवेत खळ बिघडू न देता पाळी संपवली की असायचा. घरी यायचे तेव्हा कपड्यांना आंबूस वास. मला तो आवडायचा, कधी सांगितलं नाही.

८ जून
कांड्या लिंबाखाली उभ्या करून ठेवल्यात. वाळायच्या आत लावायला हव्यात. हे म्हणाले, "तू म्हणशील तसं. रान आप्पांचं." वा! म्हणजे आता माझ्यावर.

निम्म्या रानात लावू, निम्मं मेंढरांना ठेवू, असं मी म्हटलं. नामदेव म्हणाला, "अक्का, मेंढरू बांध बघून थांबतंय व्हय?" खरंय. लावलं तर मायाक्का यायची नाही, यावंही नये. नाही लावलं तर हे पुन्हा, कारखाना बंद झाल्यावर बसायचे तसे, गच्चीवर बसून रस्त्याकडं बघत राहतील. आणि मोकळा ठेवूनसुद्धा ती नाही आली तर?

त्या माळावर मेंढरं पाय ठेवतील का, हे तिलाच विचारायला हवं. विचारायचं कुठं जाऊन? एवढ्या वर्षांत मला तिच्या गावाचा रस्ता माहीत नाही. ती 'आमच्याकडं' म्हणायची, मी मान डोलवायची. कायम तीच आली.

१३ जून
नामदेवनं बाजारात घोंगडीवाल्याला विचारून गाव काढलं. जतच्या बाजूला, दोन एसट्या बदलून, पुढं चालत. ह्यांना म्हटलं, कांड्यांवर पाणी मारून ठेवा, मी येईपर्यंत एकही रोवायची नाही. एकही टाकायची पण नाही.

हे तिच्या दारात बसून लिहितेय. छोटं घर, पुढं बोरीच्या काट्यांचं कुंपण. सून म्हणाली, आत्त्या मेंढरामागं गेल्यात, दिवस मावळायला येतील. च्या दिला. कोण म्हणून विचारलं. सांगितलं, शालन, मंगळवेढ्याची. तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मग आतून घोंगडी आणून अंथरली.

घोंगडीच्या काठाला टाके तिरके आहेत.

आमच्याकडं आल्यावर ती अशीच बसायची का? दुसऱ्याच्या दारात, आपल्याला उतरू देतील की नाही बघत?

पलीकडं धूळ दिसतेय. घंटा वाजतेय. काय बोलायचं ते एसटीत तीनदा ठरवलं होतं. आता एकही शब्द