गुडघा, थोरली आणि कालची बैठक

शुक्रवार, १४ तारीख, सकाळी

ती. आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा ठणकत असेल, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे. इकडे सगळे मजेत. आईची कुरकुर चालू आहे, म्हणजे तब्येत उत्तम आहे.

आत्या, काल मी बैठक जिंकली! ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचं काम हॉस्पिटलमध्येच ठेवायचं की बाहेरच्या कंपनीला द्यायचं, याचा काल निकाल लागला. तू उभा केलेला विभाग आता माझ्याकडे, म्हणून बोलायचं मलाच होतं. शिवाय तू बजावलं होतंस, "काम बाहेर गेलं, तर मी तिथे गुडघा कापून घेणार नाही. लंगडत मरेन." मोठे डॉक्टर, हिशेबनीस, युनियनचे पुढारी, सगळे हजर. एकदा तोंड उघडलं आणि तुझी भाची शोभले. पुढाऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली, मी आवाज चढवला. शेवटी त्यांचाही हात वर झाला!

आता चष्मा पुसून "शाब्बास पोरी" म्हणत असशील. जरा थांब.

मी काम बाहेर द्यायच्या बाजूनं बोलले.

पत्र फाडू नकोस. आपल्या विभागातल्या एकाही बाईची नोकरी गेलेली नाही. तळघरातल्या उकाड्यातून सुटून त्या वर ऑपरेशन थिएटरशेजारी बसतील आणि कंपनीकडून आलेला हत्यारांचा प्रत्येक संच तपासून घेतील. ऑपरेशन चालू असताना एखादं हत्यार खाली पडलं, तर ते लगेच निर्जंतुक करायला एक छोटं मशीन वर राहील. ही अट मी भांडून घेतली. कंपनीही पाहून आले. नावं ठेवायला गेले होते, कौतुक करत परतले.

आता जे टाळत होते ते. तुझं ऑपरेशन दोनदा रद्द झालं. आदल्या रात्रीपासून उपाशी राहून आलीस आणि तशीच परत गेलीस. "डॉक्टर अडकलेत" असं मी सांगितलं. तू त्यांचा यथेच्छ उद्धार केलास, मी मान डोलावली. डॉक्टर बिचारे हात धुऊन उभे होते गं. बंद पडलं होतं ते तुझं वाफेचं मशीन, तुझी लाडकी थोरली. दोन्ही वेळा. तिचे सुटे भागही आता मिळत नाहीत. तुला सांगायची माझी छाती झाली नाही.

काल भर बैठकीत सांगितलं, "जिनं हा विभाग उभा केला, तिलाच आपण दोनदा दारातून परत पाठवलं." त्यानंतरच पुढाऱ्यांचा हात वर झाला.

पुढच्या महिन्यात कंपनीचे संच सुरू होतील. परत गेलेल्यांचा नंबर आधी, म्हणजे तुझा. तुझा संच मी स्वतः तपासणार आहे. ये. रागावून ये, मला चार शिव्या हासडत ये, पण ये. मला तुला जिना चढताना बघायचंय.

सगळ्यांचा होकार मिळवून तुझ्या एकटीच्या होकारासाठी अडून बसलेली,
तुझी भाची