मोहरीएवढी गोळी

वडनेर भोलजी, मंगळवार, १० डिसेंबर १९६३

सखूचं सात महिन्यांचं पोर आज संध्याकाळी माझ्या दवाखान्यात दगावलं. दोन्ही फुप्फुसं न्यूमोनियानं भरलेली, आणि खोकला अजिबात नाही. असं कसं, तेच कळेना. शेवटी तिला विचारलं, याला काही देत होतीस का?

"मोहरीएवढी अफू देत होती, डाक्तरसाहेब. कापूस वेचाले जाताना. झोळीत दिवसभर निजून राहे. समद्याच देतात. काऊन?"

काऊन. का विचारलं, ते काय सांगू तिला? अफूनं खोकला दबतो, श्वास मंदावतो, हे मी शिकलोय. पण पोराबरोबर त्याच्या अंगातली रोगाशी झगडणारी ताकदही गुंगली असेल का? तापसुद्धा फारसा चढला नव्हता. ताप, सूज, खोकला, अंग ओरडतं ते असंच. त्या मोहरीएवढ्या गोळीनं सगळ्यांनाच गप्प केलं का? माझ्या पुस्तकांत तरी याचं उत्तर नाही.

तिला बोल लावणं सोपं आहे. सासूनं शिकवलं ते तिनं केलं. वेळेवर विचारायला मी तरी कुठे शिकलो होतो?

गेल्या बाजाराच्या दिवशी ती त्याला घेऊन आली होती. "दूध घेऊन नाही राह्यला," एवढंच म्हणाली. बाकीच्या पोरांनी रडून दवाखाना डोक्यावर घेतला होता, आणि हे एकटं तिच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. मला बरं वाटलं. पोटाची पुडी दिली. निजलेलं लेकरू उठू नये म्हणून छातीला नळी लावलीच नाही.