मागे न पाहता

३ नोव्हेंबर १९८१

पोचलो एकदाच्या! नागपूरहून नरखेडच्या एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण गाव फर्मास आहे. मी आणि नीला भागीरथाबाईंकडे उतरलोय. त्यांच्या संत्र्याच्या बागेमागे पडीत माळ आहे, कॉलेजच्या वनस्पतीशास्त्राच्या प्रकल्पासाठी तिथलं गवत मोजायचंय. बाईंनी पाटीभर संत्री पुढ्यात ठेवली. नीला इतकी तुटून पडली की मी म्हटलं, बाई गं, परीक्षेपुरती तरी जिवंत राहा.

४ नोव्हेंबर

काम सोपं आहे. मार्तंड सरांनी शिकवल्याप्रमाणे माळाकडे पाठ करायची, लोखंडी चौकट खांद्यावरून मागे भिरकावायची, ती पडेल तेवढ्यातलं गवत मोजायचं. बघून फेकायची नाही, नाहीतर माणूस हिरवंगार तेच निवडतो. भागीरथाबाई बांधावरून बघत होत्या. काहून वं पोरी, मागं न पाहता फेकून राहिली, असा तर आम्ही उतारा टाकतो, म्हणाल्या. आजाऱ्यावरून ओवाळलेला लिंबू-भात असाच टाकायचा. माळावर जे काही असेल, ज्याचं त्याले देऊन टाकायचं म्हणे. मी म्हटलं, आम्ही मार्कांसाठी टाकतो. नीला खो खो हसली.

६ नोव्हेंबर

कमाल आहे! जिथे जिथे चौकट पडली, तेवढंच गवत वाळलंय. कडा अगदी सरळ, बाहेर सगळं हिरवं. बाईंच्या यजमानांना, रुपरावांना विचारलं, औषध फवारलं का? पडीतात औषध टाकाले मले येड लागलं का, म्हणून तेच चिडले. आमचंच काहीतरी चुकत असेल. उद्या पुन्हा फेकणार, नाहीतर वर्ष वाया जाईल.

७ नोव्हेंबर

आज गंमत! नीला मागे पायातला काटा काढत बसली होती, आणि चौकट थेट तिच्याभोवती पडली. डोकं वाचलं. मग मी तिलाच मोजलं. झुडूप एक, उंची बेताची, फुलं नाहीत. हसून हसून पोट दुखलं. भागीरथाबाई मात्र ते बघून घरात निघून गेल्या.

८ नोव्हेंबर

नीलाची तहान भागत नाही. माठ संपला तरी नाही. ओठ फुटलेत. हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहते. रुपरावांनी तिला जीपनं नागपूरला इस्पितळात नेलं. मीही निघाले होते. भागीरथाबाईंनी माझा हात घट्ट धरून ठेवला. फार भीती वाटतेय.

९ नोव्हेंबर

रुपराव तिला भरती करून परतले. नीलाला सोडवा म्हणून बाईंचे पाय धरले. दिलेलं परत भेटत नाही म्हणाल्या. बदल्यात दुसरं माणूस दिलं तरच, तेही तिच्यात जीव असेतोवर. मग पदर तोंडाला लावून रडल्या.

मीच फेकली ना. मीच.

१० नोव्हेंबर, दुपार, माळावर

चौकट सरळ माझ्याच डोक्यावर उंच फेकली. डोळे मिटून. नीलाच्या बदल्यात मी —

पडल्याचा आवाज नाही. वरही काही दिसत नाही. खाली बसून वाट बघतेय —

रुपराव बांधावरून ओरडतायत. निरोप आला. नीला गेली. पहाटेच —

पहाटेच? मग मी कशाच्या बदल्यात —

नको. परत घेते. ऐका कोणीतरी, मी परत घेते —

गवत वाळतंय. माझ्या चारही बाजूंनी. सरळ —

तहान लागली. भागीरथाबाई, पा