लाइन चार्ज करण्याआधीचा चहा

भाऊ, या वैशाखातल्या वादळानं आपल्या जंगलातल्या लाइनीचे अकरा खांब पाडले. तुम्ही असता तर आकडा ऐकून नुसतं "हं" म्हणाला असता आणि पकड शोधायला लागला असता. ती पकड आता माझ्याकडे आहे, निवृत्तीच्या दिवशी तुम्ही मला दिलीत तीच. मुठीवरचं रबर मी दोनदा बदललं. चार दिवस आम्ही सहा जण झाडं कापत होतो, खांब ओढत होतो, तारा ताणत होतो. माझ्या खांद्याला आता हे पेलत नाही, पण सांगायचं कोणाला. शेवटच्या गावात पाण्याची टाकी कोरडी, पिठाची चक्की बंद, आणि दर पंधरा मिनिटांनी साहेबांचा फोन, "झालं का? मले वर रिपोर्ट द्याचा आहे."

पाचव्या दिवशी सकाळी नऊ वाजता काम संपलं. डीपीचा स्विच वर केला की गावात वीज. मी स्विचला हात न लावता चौकात गेलो आणि चहा मागितला.

ही सवय तुमची. नवा लागलो तेव्हा मला तिचा राग यायचा. लाइन तयार, गाव घामानं भिजलेलं, आणि तुम्ही टपरीवर बसून बशीत चहा ओतायचात. मोठ्यानं म्हणायचात, "अर्ध्या घंट्यात लाइन येऊन राह्यली बरं का." मग कोणीतरी हळूच उठून सायकलनं शेताकडे जायचं. तो परत आला की तुमची बशी खाली. एकदा मी चिडून विचारलं, "भाऊ, काऊन बसून राह्यले?" तुम्ही मला धानाच्या बांधावर घेऊन गेलात. गुडघ्याच्या खाली, बांबूच्या खुंट्यांवर ताणलेली उघडी तार. रानडुकरांसाठी लावलेली, पंपाच्या पेटीतून जोडलेली, खांबावरून कधी दिसणार नाही अशी.

"लाइन गेली का मालक ईसरते," तुम्ही म्हणालात. "बंद तारेवरून बाया बिनधास्त चालतात. त्याले आठवण द्या लागते."

"कोणाची आहे?"

"मले माहीत नाई. तुले बी नसू दे. नाव समजलं का तो चहाच्या वक्ताले उठणार नाई."

"गुन्हा आहे हा, भाऊ."

"आहे ना. तार लावू नका म्हणून अख्ख्या गावाले शिव्या देल्या मी. आयकते कोण? आज कोणी मरू नये, एवढंच माया हाती."

तर या वेळी मी चौकात बसलोय. तेंदूपानांचे दिवस, गावातल्या बाया पहाटेच जंगलात गेलेल्या, परतीची वाट शेतातून. मी मोठ्यानं म्हणतो, "अर्ध्या घंट्यात लाइन येऊन राह्यली." बाकांवर पाच-सात माणसं आहेत. कोणी उठत नाही. कारण त्यांच्यात खाकी कपड्यांतली वनरक्षक बाई बसलेली, मोबाइल चार्ज करायला विजेची वाट पाहत. कोपऱ्यातल्या एका माणसानं चपलेत पाय घातला, तिच्याकडे पाहिलं आणि पाय परत काढला. मी मान फिरवली, पण उशीर झाला होता. मला कळलं होतं.

तेवढ्यात फोन. "साहेब, एक फांदी तारेले टेकून राह्यली," मी म्हणालो. "घंटाभर लागते."

मग मी बाईंकडे वळलो. "सागाची फांदी आहे, बाई. तुमच्यासमोर तोडलेली बरी."

ती आली. गावाबाहेर, अर्ध्या कोसावर, तिनं वर पाहिलं. तार मोकळी, आभाळ मोकळं.

"फांदी कुठी आहे, भाऊ?"

"होती आत्ता."

"चष्मा बदला." ती हसली नाही. शेतांकडे पाहत तिनं विचारलं, "पान तोडाले गेलेल्या बाया शेताकडूनच येतात ना?"

मी हो म्हणालो. ती गावाकडे पाठ करून दगडावर बसली, बूट काढला, त्यातला खडा झटकला. मग दुसरा बूट काढला. बराच वेळ लागला तिला.

आम्ही परतलो तेव्हा कोपऱ्यातला माणूस जागेवर होता, शर्ट घामानं ओला, सायकल कडुलिंबाला टेकलेली. मी स्विच वर केला. आधी चक्कीचा आवाज आला. थोड्या वेळानं बांधावरून बाया आल्या, डोक्यावर पानांची ओझी, एकामागून एक. शेवटची मला म्हणाली, "लाइन आली ना? मंग टाकी भरा, पाहून काय राह्यले?"

काल उशिराचं कारण लिहून द्यायला लागलं. रकान्यात मी फांदी लिहिली आणि तुम्हाला चहापायी मिळालेला मेमो आठवला. कामात हलगर्जी, असं होतं त्यात. तुम्ही तो वाचलात, घडी करून खिशात ठेवलात आणि मला घरी जेवायला नेलंत. वहिनी लाखोळीच्या डाळीचं वरण वाढत होत्या. म्हणाल्या, "साहेबाले कोणं सांगतलं असन जी?" तुम्ही म्हणालात, "कोणी का सांगन, चहा तं पेतच होतो." मी मान खाली घालून जेवत राहिलो. बांधावरची तार तुम्ही दाखवलीत ती त्यानंतर आठवड्यानं. म्हणजे सगळं कळल्यावरही मी बोललो नाही, आणि पुढं तुम्ही जाईपर्यंत रोज भेटत होतो.

हा कागद पकडीच्या पिशवीत राहील. कुठं टाकायचा तर पत्ता नाही. खरं कारण लिहायचं माझ्या हातून या वयातही झालं नाही, भाऊ. तेव्हाच्या साहेबांना ते मी एकदाच सांगितलं होतं: "भाऊ चहा पेत होते."