तुलनेसाठी एक चांगलं पोर

देवळाली प्रवरा,
१६ जानेवारी २०२६

सौ. निकिताताई यांना धाकट्या जावेचा, रेश्माचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक. आत्याबाईंचे गुडघे दुखतात, ऊसतोड आपल्या शिवारापर्यंत आली आहे. भिंगारला भाऊजी आणि तुम्ही रुळलात असं ऐकते. काल शंभूला तिसरं वर्ष पूर्ण झालं, त्याला माझे पुष्कळ आशीर्वाद. सोबत तिळगूळ आणि त्याला एक स्वेटर पाठवतेय. पत्र आमचे हे घेऊन येतील. आत काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही. फोनच केला असता, पण तुम्ही मला ब्लॉक केलंय.

पार्थ आता पाणी मागतो. 'पा' म्हणतो आणि माझ्याकडे बघतो. सव्वातीन वर्षांच्या पोराचं हे काय कौतुक, म्हणून हसाल. हसा.

गेल्या मे महिन्यातली नगरच्या दवाखान्यातली पार्थची तपासणी आठवते ना? सुई नाही, रक्त नाही. पोराला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसायचं. पडद्यावर एकीकडे माणसांचे चेहरे, दुसरीकडे फिरणारी चक्रं, आणि पोराचे डोळे कुठे जातात ते कॅमेरा टिपणार. शेजारच्या खोलीत मिसरी लावणाऱ्या बायकांच्या तोंडात निळा उजेड टाकून कॅन्सर शोधत होते. आत्याबाईंनी तिथे तोंडच उघडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आमचा अभ्यास चाललाय, तुलनेसाठी पार्थच्याच वयाचं एक चांगलं पोर हवं, घरातलं असलं तर उत्तम. तुम्ही शंभूला पुढे केलंत. माझ्या मदतीसाठी नाही. 'माझ्या शंभूला चांगला म्हणून निवडलाय' हे नंतर गल्लीभर सांगायला मिळालं तुम्हाला.

त्यांनी नंबर विचारला तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "माझा नको बाई, असल्या ठिकानचे फोन मला नकोत. दोघांना हिचाच लिवा." म्हणून दोन्ही पोरांना माझा नंबर लागला.

जूनमध्ये फोन आला. मला वाटलं, पार्थबद्दल असेल. शंभूबद्दल होता. डॉक्टरीणबाई मला शंभूचीच आई समजून बोलत होत्या, अगदी जपून. त्याचे डोळे चेहऱ्यांवर थांबतच नाहीत, म्हणाल्या, सगळा वेळ चक्रांवर. एवढ्यावरून काही ठरत नाही, पण पुन्हा नीट तपासायला हवं. लवकर आणा, तिसरं पूर्ण व्हायच्या आत शिकवायला लागलो तर खूप फरक पडतो.

मी त्याची आई नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हालाही काही सांगितलं नाही.

पुन्हा पुन्हा फोन आले. शेवटी मी म्हटलं, "आमची इच्छा न्हाई." शंभूसाठी धरलेली शिकवणीची जागा राहुरीच्या एका मुलीला गेली.

का, ते तुम्हाला कळेल. तपासणीच्या थोडं आधी आपल्या भावकीतल्या सहादेवच्या लग्नात पार्थ पंगतीत शंभूशेजारी जाऊन बसला, आणि तुम्ही शंभूला ताटासकट उचललंत. "ह्येचं बघून त्योबी तसाच व्हायचा," असं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणालात. पार्थ त्या रिकाम्या जागेवर हात फिरवत बसला. त्या दिवसापासून तुम्ही माझं नाव घेणंही सोडलंत. 'पार्थची आई' म्हणायचात, तेही आवाज खाली आणून.

दिवाळीपर्यंत आपण एकाच अंगणात होतो. शंभू ओळीनं चपला लावत बसायचा. आत्याबाई कौतुकानं म्हणायच्या, "लई गुनाचं लेकरू, दंगा न्हाई का काय न्हाई." मी रोज त्याला मागून हाक मारून बघायचे. तो वळायचा नाही. मला बरं वाटायचं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटायचं. त्याच्यावर राग नव्हता माझा. दूध-भात तो माझ्याच हातचा खायचा.

परवा भाऊजींनी ह्यांना फोनवर विचारलं, शंभू अजून काहीच बोलत नाही, पार्थ शिकायला जातो ते कुठं? मागून तुमचा आवाज आला, "त्ये येड्यांचं हाय, आपल्याला काय करायचंय?" मी त्याच दिवशी हे पत्र लिहायला घेतलं होतं. कागद ठेवून दिला. म्हटलं, तिसरं पूर्ण होऊ दे.

काल झालं.

डॉक्टरीणबाई अजूनही त्याला घेतील, त्या कुणाला परत पाठवत नाहीत. इतके दिवस का आणलं नाही, असं विचारतील. तुम्हाला वाटलं तर माझं नाव सांगा. पण मग तुमचा नंबर का दिला नव्हता, तेही सांगावं लागेल.

दर गुरुवारी सकाळी मी पार्थला घेऊन तिथे शिकवणीला असते. खोलीबाहेर आयांना बसायला एक बाक आहे. शंभूला घेऊन या. माझ्या शेजारी जागा धरून ठेवीन. त्या बाकावरून कुणी आपलं पोर उचलून दुसरीकडे नेत नाही.

तुमची,
पार्थची आई